सड्याला वाटाड्या हवा

सप्टेंबर लागला, की साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग शनिवार-रविवारी हलता हलत नाही. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गर्दी त्याआधीही होती, पण नंतर तिला धरबंद राहिला नाही. मग वन विभाग आणि आसपासच्या गावांची समिती यांनी शुल्क लावलं, ऑनलाइन नोंदणी आणली, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली. या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. मोजून आत सोडलेली माणसं आत गेल्यावर काय पाहतात आणि पाय कुठे ठेवतात, हे कोण बघणार?

बहुतेकांना गालिचा पाहायचा असतो. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं तेच छायाचित्र छापलेलं आहे: तेरड्याचा जांभळा नाहीतर सोनकीचा पिवळा पट्टा, क्षितिजापर्यंत. तो पट्टा त्या दिवशी दिसला नाही, तर ‘यंदा फुलंच नाहीत’ म्हणत लोक परत फिरतात, आणि त्यांच्या बुटाशेजारी गेंदाची पांढरी बटणं शेकड्यांनी उभी असतात. दोष त्या माणसांचा नाही. त्यांना कुणी थांबवलेलं नसतं एवढंच.

म्हणून मला वाटतं, सड्यावर, म्हणजे अशा जांभ्याच्या उघड्या पठारावर, जायचं तर दहा-बारा जणांनी, पायी आणि वाटाड्याच्या मागून जावं. त्याशिवाय रुळलेली वाट सोडून आत जाऊच देऊ नये. हे जाचक वाटेल. पण सडा म्हणजे काय, हे एकदा नीट कळलं तर तितकंसं वाटणार नाही.

वरून सपाट दिसणारा हा जांभा दगड मुळीच सपाट नसतो. त्याला खळगे असतात, भेगा असतात, बोटभर उंचवटे असतात. त्यावर माती असलीच तर काही ठिकाणी इंचभर, काही ठिकाणी वीतभर. पावसाळ्यात पाणी खाली मुरायला जागा नसते म्हणून सगळीकडे चिखल आणि डबकी. मार्च-एप्रिलमध्ये तोच कातळ अनवाणी पाय ठेववणार नाही इतका तापतो. या दोन टोकांमधल्या चार महिन्यांत झाडाला उगवायचं, फुलायचं आणि बी टाकायचं असतं. मग कोण कुठे उगवणार, हे मातीच्या खोलीवर आणि पाणी किती दिवस टिकतं यावर ठरतं. उघड्या दगडावर शेवाळ. खळग्यातल्या पाण्यात कुमुदिनी आणि वायतुरा. वायतुऱ्याची साताऱ्याच्या नावाची जात १९८२ साली शास्त्रात नोंदवली गेली. पाणी ओसरत आलेल्या ओल्या पातळ मातीत गेंद आणि सीतेची आसवं. माती जरा धरली की तेरडा, आणि कडेला, जिथे मुळांना भेगांत शिरता येतं, तिथे कारवी, जी वर्षानुवर्षं नुसती पानांवर राहते आणि मग एका पावसानंतर सगळी एकदम फुलते. हे सगळं कधी कधी एका खोलीएवढ्या जागेत असतं. ते चालत्या माणसाला दिसत नाही. कुणीतरी ‘इथे बसा’ म्हणावं लागतं.

सीतेची आसवंच घ्या. जांभळी, नखाएवढी फुलं. नावामागची सीतेच्या अश्रूंची गोष्ट गावातला कुणीही सांगतो आणि ती सांगावीच. पण जमिनीखालची गोष्ट त्याहून कमी नाही. पावसाने धुऊन निघालेल्या या मातीत नत्र आणि स्फुरद फारसं उरत नाही. म्हणून या वनस्पतीने मातीतल्या पाण्यात बारीक पिशव्या बाळगल्या आहेत. सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी आला, की ते उघडतं, पाण्यासकट त्याला आत ओढतं आणि मिटतं. सेकंदाचा अगदी लहानसा अंश पुरतो. शेजारीच दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरत असतो. आता ज्याला ही गोष्ट कळली, त्याला हेही सांगावं लागत नाही, की सेल्फीसाठी दोन पावलं आत गेलं तर आपण नुसत्या दोऱ्यासारख्या मुळ्यांचा नव्हे, तर या सगळ्या बारीक यंत्रणेचा लगदा करतो. त्यातली बरीच झाडं एकाच पावसाळ्याची. बी पडायच्या आत तुडवली, तर पुढच्या वर्षीचा हिशेबही त्याच पावलाखाली गेला.

नावं सांगणं हे वाटाड्याचं मुख्य काम आता राहिलेलं नाही. एकेकाळी कुकचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे जाडजूड खंड चाळू शकणाऱ्यांपुरतीच ही विद्या होती. श्रीकांत इंगळहळीकरांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारख्या सचित्र पुस्तकांनी ती सर्वसामान्यांच्या हातात दिली, आणि आज मोबाईल फोटोवरून नाव सांगतो, कधी बरोबर, कधी बिनदिक्कत चूक. (कवल्याला मुलं ‘मिकी माऊस’ म्हणतात, यावर नाक मुरडणारे जाणकार मला भेटले आहेत. मुलांचं बरोबर आहे. ते फूल तसंच दिसतं.) वाटाड्याने खरं तर काय दाखवायचं नाही, हे ठरवायचं असतं. कंदिलपुष्पाच्या काही जाती फारच थोड्या जागी उरल्या आहेत. त्यांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आणि हल्ली त्यात छायाचित्रकारांची भर पडली आहे, जे चौकट स्वच्छ यावी म्हणून भोवतालचं गवत उपटतात. अशा झाडाजवळून दहा जणांना न थांबवता पुढे नेणारा वाटाड्या मला अधिक शहाणा वाटतो. पैसे देऊन आलेल्यांना ते आवडत नाही, हेही खरं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अशा सहली शहरातल्या सुस्थित मंडळींसाठी असतात, आणि त्याच नव्या जागांचा पत्ता फोडतात. आज बारा जण, उद्या त्यांचे फोटो, परवा बस. कासचं हेच झालं. मग सडे अज्ञातच राहू द्यावेत का?

कोकणात उतरून पाहिलं, की याचं उत्तर अवघड होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे पावसाळ्यात कासइतकेच फुलतात, पण तिथे गर्दी नाही. तरी ते सुरक्षित नाहीत. तिथे चिऱ्याच्या खाणी आहेत. सुरुंगाने कातळ फोडून, बाहेरची माती आणून कलमं लावली जातात. सात-बाऱ्यावर असली जमीन बहुधा पोटखराब्यात गेलेली असते, त्यामुळे ती गेली तर काही गेलं असं कुणाला वाटत नाही. न पाहिलेल्या जागेसाठी कोण भांडणार? फुलं पाहायला येणारी थोडी माणसं म्हणजे निदान थोडे साक्षीदार. गर्दीने सडा खराब होतो, पण तो पुन्हा सावरू शकतो. जेसीबीनंतर सावरायला दगडच उरत नाही. दोन्हींतला धोका निवडायचा झाला, तर मी बारा माणसांचा निवडेन.

मात्र वाटाड्या गावचा हवा. शहरातून माहितगार येतो तो ऐन बहराच्या काही आठवड्यांत. गुराख्याला जूनमधलं पहिलं डबकं ठाऊक असतं आणि मे महिन्यातला करपलेला कातळही. कासला कुंपण घातलं तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलं होतं, की गुरं बंद केलीत तर गवत माजेल आणि ठेंगणी फुलं त्याखाली जातील. काही अभ्यासकांनीही चराईचा हा मुद्दा उचलून धरला. पुढे ते कुंपण निघालं. चराई किती चालावी, यावर अजून वाद घालता येईल. पण ज्यांना गवताचा हा स्वभाव आधी कळला होता, त्यांना आपण आजवर बहुतांशी पावत्या फाडण्याच्या आणि गाड्या लावून देण्याच्या कामाला लावलं आहे. त्यांच्यातल्या काहींना वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर दोन हंगाम फिरवलं, तर उत्तम वाटाडे तयार होतील. प्राध्यापकांनाही काही शिकायला मिळेल.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो कोकणात जास्त टोचतो, कारण तिथले बरेच सडे खाजगी मालकीचे आहेत. चिऱ्याच्या खाणीइतकं उत्पन्न फुलं देणार नाहीत. पण याच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि उक्षी, कशेळीसारख्या ठिकाणी ती पाहायला लोक येऊ लागले आहेत. जमीन तीच, वाट तीच. कोरडे महिने शिल्पांचे आणि श्रावण-भाद्रपद फुलांचे, असा वर्षभराचा हिशेब मांडून त्यातला ठरलेला वाटा खातेदाराला मिळाला, तर खाणवाल्याशी बोलताना त्याच्याकडे निदान एक दुसरा आकडा असेल.