याईराच्या मुलीचे जेवण



संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू याईराच्या मुलीला जिवंत करतो. बारा वर्षांची ती मुलगी. दाराशी रडारड चालू आहे, लोक प्रभूला हसतात, आणि तो तिचा हात धरून तिला उठवतो. ही घटना आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तिचा शेवट आपल्या नजरेतून निसटतो. घरातले सगळे थक्क होऊन उभे असताना, मुलीला काहीतरी खायला द्यावे असे प्रभू सांगतो. लेकराला भूक लागली असेल हे त्या घरात त्याच्याच ध्यानात आले.

मागे आपल्या जिल्ह्यातल्या एका घरी सांत्वनाला गेलो होतो, तेव्हा मला हे आठवले. तान्हे बाळ गेले होते. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या आतड्याला पीळ पडला. शहरात नेऊन ऑपरेशन झाले, पण काळे पडलेले बरेचसे आतडे काढून टाकावे लागले. मग पाजलेले दूध अंगी लागेना. शिरेतून पोषण सुरू झाले. पुढे डोळे पिवळे झाले, पोट फुगले. यकृत बदलण्याची गोष्ट निघाली आणि खर्चाचा आकडा ऐकून बापाने बाळ घरी आणले. आईने मला एवढेच विचारले, "फादर, आम्ही कमी पडलो का हो?"

हा आजार काय असतो ते आधी समजून घेऊ. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाचे लहान आतडे साधारण अडीच मीटर लांब असते. अन्न शोषून घेण्याचे काम तेच करते. ते फारच थोडे उरले तर बाळ दूध पिऊनही उपाशी राहते. १९६० च्या दशकापर्यंत अशी बाळे जगतच नसत. मग अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. स्टॅन्ली डडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर, प्रथिने, क्षार मोठ्या शिरेतून देण्याची रीत बसवली. जवळजवळ आतडेच नसलेली एक मुलगी त्यांनी अशी वाढवली आणि १९६८ साली ती हकीकत प्रसिद्ध झाली. तिचे वजन वाढले, ती उंच झाली. पुढे ती वारली, पण तिच्यामुळे हजारोंना वाट मिळाली.

ह्या वाटेवरही काटा होता. शिरेतून महिनोन्महिने पोषण दिले की पुष्कळ बाळांचे यकृत बिघडते. कारणे अनेक आहेत: वारंवार होणारा जंतुसंसर्ग, तोंडाने काहीच न जाणे, आणि त्या पोषणातले तेल. हे तेल बहुधा सोयाबीनचे असते. आपल्या शिवारात पिकते तेच सोयाबीन. आपल्या पोटाला ते चालते, पण थेट रक्तात गेल्यावर त्यातले काही घटक तान्ह्या यकृताला जड जातात. बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००० नंतर त्याऐवजी माशाच्या तेलाचे पोषण देऊन पाहिले आणि अनेक बाळांची कावीळ ओसरली. अमेरिकेत त्याला २०१८ साली सरकारी मान्यता मिळाली. तरीही काही बाळांचे यकृत निकामी होतेच. उरलेले आतडे हळूहळू वाढून काम करू लागेल अशी आशा असेल, तर काही निवडक बाळांत फक्त यकृत बदलतात. आशा नसेल तर यकृत आणि आतडे दोन्ही. हे दोन्ही उपचार आजही फार कठीण आहेत.

यकृताचे एक नवल असे की, आईचा किंवा बापाचा साधारण पाव हिस्सा बाळाला पुरतो आणि देणाऱ्याचे यकृत काही महिन्यांत पुन्हा भरून येते. देणाऱ्याला धोका थोडा असतो, पण असतो. भारतात हे पहिल्यांदा यशस्वी झाले १९९८ साली, दिल्लीत. कांचीपुरमच्या संजय कंदासामी ह्या दोन वर्षांच्या आतल्या मुलाला त्याच्या वडिलांनी यकृताचा तुकडा दिला. त्याचा आजार वेगळा होता, जन्मतःच पित्तनळ्या बंद असण्याचा. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

ह्या आजाराबद्दल जाता जाता सांगतो. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही आणि शी पांढुरकी होत असेल, तर माळ घालून किंवा झाडपाला देऊन दिवस घालवू नका. पहिल्या दोन महिन्यांत केलेल्या ऑपरेशनाचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

आता त्या आईचा प्रश्न. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. उपचार फार जड, धोक्याचे किंवा मिळणाऱ्या फळाच्या मानाने अवाजवी असतील, तर ते थांबवणे म्हणजे जीव घेणे नव्हे. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदात हे सांगितले आहे. बाळाला कुशीत घेणे, ओठ ओले करणे, दुखणे कमी करणे मात्र कधीच सोडायचे नाही, आणि त्या आईने ते शेवटपर्यंत केले. म्हणून मी तिला म्हणालो, "नाही बाई, तुम्ही कमी पडला नाहीत."

मात्र परतताना माझे मन शांत नव्हते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवायच्या असतात. हे त्या बापाला कोणी सांगितले नव्हते. आपल्या धर्मग्रामात शिकलेली मुले आहेत, नर्सिंग केलेल्या मुली आहेत, मीही आहे. बाळ दवाखान्यात असताना आमच्यापैकी एकानेही फोन केला नाही. याईराच्या घरी गर्दी जमली ती मुलगी गेल्यावर. आपलेही तसेच होते.

दुसरी गोष्ट अवयवदानाची. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदेत अवयवदानाला प्रेमाची कृती म्हणून गौरवले. अवयव विकायचा नाही, संमती मोकळ्या मनाची हवी, आणि कोणाला द्यायचा हे ठरवताना धर्म, लिंग, ऐपत पाहायची नाही, असेही त्यांनी बजावले. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि मिळणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. ह्यावर घरोघरी विचार व्हावा.

मेंदू मृत झालेल्या मोठ्या माणसाचे यकृत विभागून त्यातला छोटा भाग बाळाला बसवता येतो. मराठवाड्यासाठी ह्या वाटपाचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. पण आपण फॉर्म भरला असला, तरी त्या वेळी घरच्यांची संमती विचारली जाते. त्यामुळे आज जेवायला बसाल तेव्हा आपली इच्छा काय आहे, ते घरच्यांना सांगा. आजच्या मिस्सामध्ये त्या बाळाच्या आईवडिलांसाठी प्रार्थना आहे. त्यांचे घर कोणते ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ह्या आठवड्यात तिकडे जाऊन यावे आणि जाताना डबा घेऊन जावा. तिथे अजून नीट चूल पेटत नाही.