नापास व्हायलाही पेपर लिहावा लागतो

हो, तुलाच म्हणतोय. खाली बघू नकोस.

परवा घोडेगावला तुझ्या घरी आलो होतो. टेबलावर पुस्तकांचा ढीग, ढिगावर धूळ आणि भिंतीवर लिंकनच्या पराभवांची यादी. वर मलाच ऐकवलंस, "सर, एवढा मोठा माणूस, तोही किती वेळा हरला!" 1858ला सिनेटची जागा हुकली, कबूल. पण 1834पासून सलग चार वेळा तो इलिनॉयच्या विधिमंडळावर निवडून आला होता. ते का नाही तुझ्या यादीत? तुला लिंकन नकोच आहे. तुला पांघरूण हवंय.

लिंकन राहू दे. आपले न्यायमूर्ती रानडे घे. त्यांच्या चुका तुला तोंडपाठ. तेवढंच पान तू नीट वाचलेलं दिसतंय. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे 1873मध्ये वडिलांपुढे नमले आणि एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडचा चहा घेतला, त्यापायी प्रायश्चित्तही घेतलं. "म्हणजे रानड्यांनीही कच खाल्लीच ना, सर?" खाल्ली. चूक ती चूकच. मी तिला चुना फासणार नाही.

पण पुढचं पान उलटलंस? त्याच मुलीला घरातून विरोध असताना त्यांनी शिकवलं. तीच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाचा आधार झाली. 1879मध्ये सरकारने संशयापायी रानड्यांना धुळ्याला धाडलं, त्यांचं टपाल फोडलं. रुसून बसले का? कर्जात रुतलेल्या शेतकऱ्यासाठी दख्खनचा कायदा आला, तेव्हा पुणे-सातारा जिल्ह्यांतली कोर्टं तपासत फिरले. 1893ला हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. डोळे अधू, म्हणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. तुझे डोळे धडधाकट. ते दिवसभर कुठे असतात रे? मोबाइलवर!

आणि म्हणे "मी अपयशी." खोटं! नापास व्हायलाही पेपर लिहावा लागतो. दोनदा फॉर्म भरलास, दोनदा हॉल तिकीट काढलंस, दोन्ही वेळा केंद्रावर गेला नाहीस. आधी लाइट नव्हती. मग कांद्याची काढणी. मग बिबट्याची भीती. काढणीला तू वावरात होतास? एक तरी गोणी भरलीस?

परवा रात्री अकराला शेतीची थ्री फेज लाइट आली. शेजारच्या उसात बिबट्या. तुझा बाप एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन कांद्याला पाणी धरायला निघाला. त्याने काढलं का एखादं कारण? तू तेव्हा गोधडीत पडून 'जिद्द' शिकवणारे व्हिडिओ बघत होतास. लाज नाही वाटली?

तू ढ असतास तर मी तोंड उघडलं नसतं. दहावीत फळ्यावरचं गणित माझ्याआधी सोडवायचास. म्हणूनच जीव जळतो.

त्या यादीची मागची बाजू कोरी आहे. रोज काय वाचलंस, तारीख घालून तिथे लिही. पंधरा दिवसांनी मी येणार आहे. तोवर थोरांच्या चुका मला सांगायच्या नाहीत. आणि रानड्यांएवढं राहू दे, आधी बापाएवढं तरी राबून दाखव.