कच्चं मडकं



कळंबच्या बसस्थानकावर पुण्याची गाडी लागते. पोरंपोरी चढतात. पाठीवर सॅक, हातात आईनं बांधून दिलेली भाकरी-चटणी. कुणी हिंजवडीला निघालेलं, कुणी चाकणला. मनात एकच धास्ती. तिथं आपला निभाव लागेल का?

अशा वेळी आठवतं आपल्याच जिल्ह्यातलं तेर. तिथं संत गोरोबाकाका मडकी घडवायचे. कथा सांगतात, एकदा त्यांच्याकडे संतमंडळी जमली. मुक्ताईनं विचारलं, काका, हे थापटणं कशासाठी? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं, ते यानं कळतं. मुक्ताई म्हणाली, मग आमचीही परीक्षा घ्या! काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

नामदेव दुखावले. पण तिथंच थांबले नाहीत. औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. शिकले.

कच्चं असणं हा दोष नाही, श्रोतेहो. कंपनीत साहेब चारचौघांत चूक दाखवतात. इंग्रजी अडतं. वर्षाअखेरीस शेरा येतो, अजून तयारी हवी. वाटतं, राजीनामा तोंडावर फेकावा. आधी राग उतरू द्या. शेऱ्यात तथ्य असेल, तर शिकवणारा शोधा. कामच मनाला पटत नसेल, तर वाट जरूर बदला. पण शांत डोक्यानं. कच्चं असणं हा दोष नाही.

आणि घरच्या मंडळींनो, आज लेकराचा फोन आला, तर पगाराचं नंतर विचारा. आधी विचारा, नवीन काय शिकलास, बाळा?