रानपिंगळ्याची खरी नोंद

कन्नडचा घाट उतरला की खान्देश लागतो. वर गौताळा औट्रमघाट अभयारण्य, खाली चाळीसगाव आणि पुढे तापी ओलांडली की सातपुडा. याच सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या रानात, 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक लहानसं घुबड बसलेलं दिसलं. 113 वर्षांत ज्याची एकही खात्रीशीर नोंद नव्हती, तो हा रानपिंगळा.

आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात; रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. शेपटीवर ठळक पांढरे पट्टे, आणि दिवसाउजेडी शिकार करायची सवय. एवढ्याशा फरकावर त्याची ओळख उभी आहे. म्हणून इथे नीट पाहणं आणि पाहिलं तेवढंच लिहिणं फार मोलाचं.

पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे 1880 च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने खान्देशात त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी दिसेनासा झाला. मग मायनर्ट्‌झहॅगन या नामवंत पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहातला एक नमुना पुढे आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 1914, मांडवी, गुजरात. ती चिठ्ठी खोटी होती. डेव्हिडसनचाच जुना नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. एका माणसाच्या खोटेपणाने शोध कित्येक वर्षं भलत्याच वाटेला लागला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी हे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा लबाडी उघडकीला आली.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळायला निघाले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. तिथे पक्षी मिळाला नाही. खान्देशात मिळाला.

हा शोध कुणाचा म्हणायचा? झाडाकडे पाहणाऱ्या तिघांचा तर आहेच. पण शंभर वर्षांपूर्वी ठिकाण खरं लिहून ठेवणाऱ्या डेव्हिडसनचा आहे, ते नमुने जिवापाड सांभाळणाऱ्या संग्रहालयांचाही आहे. पक्षी सापडल्यावरही काम संपलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात त्याचा अभ्यास केला. पुढे मेळघाटात, यावलच्या अभयारण्यात आणि 2014 मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसात त्याची नोंद झाली. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आला. सुधारणा झाली खरी, पण काळजी मिटलेली नाही. तो घरटं करतो झाडाच्या ढोलीत, आणि ढोलीची जुनी झाडंच तुटली तर तो राहणार कुठे?

आज जगभर असे हरवलेले पक्षी शोधण्याचं काम भागीदारीने चाललं आहे. 2021 मध्ये री:वाइल्ड, अमेरिकन बर्ड कन्झर्व्हन्सी आणि बर्डलाइफ इंटरनॅशनल या संस्थांनी हा शोध एकत्र हाती घेतला. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक काळ ज्यांचा छायाचित्र, आवाज असा पक्का पुरावा मिळालेला नाही, असे पक्षी त्यांच्या यादीत येतात. पण यादी कितीही मोठ्या संस्थेची असो, पुरावा मिळतो तो रानात रोज फिरणाऱ्याकडून : वनरक्षक, गुराखी, डिंक-मोहाला जाणाऱ्या बाया, कॅमेरा गळ्यात अडकवलेला शिक्षक. त्यांचा शब्द कुणी ऐकून घेतला, तरच शोध पुढे सरकतो.

कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच एक विनंती आहे. पक्षी दिसला तर तारीख लिहा, जागा लिहा, आणि खात्री नसेल तर खात्री नाही असंही लिहा. सोबत कुणी गावकरी असेल, तर त्याचं नावही त्या नोंदीत घाला. आज मामुली वाटणारी ही ओळ शंभर वर्षांनी कुणाला नेमक्या झाडापाशी नेईल, ते सांगता येत नाही. ती खरी असली पाहिजे, एवढं मात्र आपल्याच हातात आहे.