दहा-डीचा फॉर्म

2024 च्या जूनमध्ये नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात कुजबुज सुरू झाली. ऑर्डरी दुसऱ्या राज्यातल्या प्लांटकडे वळल्या होत्या, रात्रपाळी बंद झाली होती, दोन प्रेस ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या होत्या. जेमतेम ऐंशी कामगारांचा कारखाना. साहेब लोक काही बोलत नव्हते आणि म्हणूनच सगळे घाबरले होते.

रघुनाथ आणि वसंत 1996 मध्ये एकाच आठवड्यात लागलेले. दोघांचंही वय चोपन्न. चहाच्या सुट्टीत रघुनाथने खिशातून फॉर्म काढला. "हा दहा-डी. पन्नाशीनंतर पेन्शन लवकर घेता येते म्हणे. कंपनी बुडायच्या आत राजीनामा देऊ आणि पेन्शन चालू करून घेऊ. उद्या कुलूप लागलं तर तेही मिळायचं नाही."

वसंतला ते पटलं. रात्री त्याने बायकोला सांगितलं. सुलभाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, सही करायच्या आधी कुलकर्णीसाहेबांना एकदा विचारा ना."

कुलकर्णी टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी दोघे मित्र त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. कुलकर्ण्यांनी वही घेतली आणि पहिल्यांदा एकच गोष्ट सांगितली. पेन्शनचा पैसा कंपनीच्या तिजोरीत नाही. मालकाच्या हिश्शातून, पेन्शनसाठी धरलेल्या पगाराच्या 8.33 टक्के रक्कम दरमहा पीएफ ऑफिसकडे जाते. कारखान्याला कुलूप लागलं, तरी भरलेली सर्व्हिस कुठे जात नाही.

मग आकडे आले. पगार कितीही जास्त असो, पेन्शनसाठी तो सप्टेंबर 2014 पर्यंत 6,500 आणि त्यानंतर 15,000 रुपयेच धरतात. त्याला वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. आधीची अठरा वर्षं, नंतरची दहा. बेरीज आली 3,800 च्या आसपास. अठ्ठावीस वर्षं लोखंड वाकवणाऱ्या माणसाला महिन्याला 3,800 रुपये! ही रक्कम अपुरी आहे, आणि 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपयांवरच अडकून आहे, हा अन्यायच आहे. पण घर याच रकमेवर उभं राहायचं असेल, तर तिच्यातला एकेक रुपया मोजून घ्यायला हवा.

"वयाच्या अठ्ठावन्नच्या आधी घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कापतात," कुलकर्णी म्हणाले. "तुम्ही चार वर्षं आधी मागताय. म्हणजे 3,200 च्या आसपास. ही कपात कायमची. आणि तुमच्या माघारी वहिनींना मिळेल ते या कापलेल्या रकमेच्या निम्मं."

रघुनाथचा चेहरा उतरला. पण कुलकर्ण्यांनी दुसरी बाजूही मांडली. चार वर्षं आधी सुरू झालेली पेन्शन अठ्ठावन्नपर्यंत दीड लाखाच्या वर हातात देते. महिन्याच्या फरकातून ते भरून निघायला बरीच वर्षं जातात. "तेव्हा लवकर घेणं म्हणजे बुडणं असं काही नाही. ज्याचं काम सुटलंय, दुसरं मिळत नाही, घरात चूल पेटायची पंचाईत आहे, त्याने जरूर घ्यावी. तो त्याचा हक्क आहे. पण तुमचं काम अजून सुटलेलं नाही. पेन्शन लवकर घेण्यासाठी तुम्ही नोकरी सोडताय. तोटा आहे तो तिथे."

त्यांनी वहीचं पान उलटलं. तेव्हा लागू असलेला औद्योगिक विवाद कायदा, 1947. मालकाने कारखाना बंद केला, तर पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, शिवाय महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. अठ्ठावीस वर्षांचे झाले चौदा महिन्यांचे पगार. ग्रॅच्युइटी आणि पीएफ कसंही मिळणार, पण हे चौदा महिने स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला मिळत नाहीत.

रघुनाथ ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर दोन वर्षांपूर्वी रातोरात पळालेला शेजारच्या गाळ्याचा मालक होता. त्या गाळ्यातल्या कामगारांना काहीच मिळालं नव्हतं. रघुनाथची भीती खोटी नव्हती. जुलैत त्याने राजीनामा दिला. वसंत थांबला. ते सोपं नव्हतं. ऑगस्टचा पगार उशिरा झाला, सुलभाने मंगळसूत्र गहाण ठेवायची तयारी केली, आणि रोज पाळीला जाताना आज गेट उघडं असेल का, या विचाराने त्याच्या पोटात गोळा यायचा.

नोव्हेंबरमध्ये नोटीस लागली. कारखाना बंद झाला आणि हजेरीपटावर असलेल्यांना भरपाईचे चेक मिळाले. त्यात रघुनाथचं नाव नव्हतं. त्याच्या खात्यात तोपर्यंत कापलेली पेन्शन जमा होऊ लागली होती.

वसंतला तीन महिने काम मिळालं नाही. भरपाईतून घर चाललं. मग सातपूरच्या एका लहान टूलरूममध्ये तो कमी पगारावर लागला. मूळ पगार 15,000 च्या खाली गेला नाही, पीएफचा जुनाच यूएएन पुढे चालू राहिला, त्यामुळे पेन्शनच्या हिशेबाला धक्का लागला नाही. अशा प्रत्येक वर्षाने त्याच्या पेन्शनमध्ये महिना दोनशेहून थोडे अधिक रुपये वाढतात. दहा-डीचा फॉर्म अजून कोराच आहे. हे कामही सुटलं तर तो भरेल, असं त्याने सुलभाला सांगून ठेवलंय.

तुमच्या घरात पन्नाशी ओलांडलेलं कुणी असेल आणि त्यांच्या कंपनीत अशी कुजबुज चालू असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. पीएफचं पासबुक उघडा, सर्व्हिसची वर्षं मोजा, भरपाई किती निघते ते कागदावर लिहा. आणि कुणी राजीनाम्याचा कागद पुढे केला, तर त्याच दिवशी सही करू देऊ नका.