रमाबाई विचारत राहिल्या

नवी मुंबईत ख्रिस्ती धर्माचा सगळा नकाशा चार-सहा स्टेशनांच्या अंतरात पाहायला मिळतो. मलंकरा ऑर्थोडॉक्स सभेच्या मुंबई धर्मप्रांताचं केंद्र वाशीत आहे, मार थोमा सभेचंही वाशीतच. सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत झाला आणि इथली कितीतरी मल्याळी कुटुंबं त्यात आली. त्याशिवाय लॅटिन पद्धतीचे कॅथलिक आहेत, मराठी प्रोटेस्टंट आहेत, भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी जमणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळ्या आहेत. बाहेरच्या माणसाच्या लेखी हे सगळे एकच, 'ख्रिश्चन'. पण एकाच सोसायटीत समोरासमोर राहणारा ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक यांच्यात एक जुनी भिंत आहे. येशूच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व नेमकं कसं नांदतं, यावर इ.स. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने जो निर्णय दिला, तो ऑर्थोडॉक्स सभेच्या पूर्वसूरींनी मानला नाही आणि ती आजही मानत नाही. पवित्र आत्मा पित्यापासून येतो की पिता आणि पुत्र या दोघांपासून, या मुद्द्यावरही लॅटिन कॅथलिकांचा मतांगीकार वेगळा, त्यांचा वेगळा. दोन्ही घरांतली मुलं मात्र एकाच शाळेच्या बसने जातात.

वादाचं मूळ तसं सोपं आहे. येशू स्वतः यहुदी होता. देव एकच आहे, ही घोषणा यहुदी माणूस रोज करतो. हे समजायला कोकणवासीयांना पुस्तकांकडे जायची गरज नाही. पनवेलला १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग उभं आहे आणि रायगडच्या गावांतले बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली, बाकी पुष्कळ काही विसरले तरी देवाच्या एकत्वाची ती प्रार्थना विसरले नव्हते, असं त्यांची परंपरा सांगते. असं कडवं एकेश्वरीपण अंगी मुरलेल्या समाजात काही माणसं येशूला 'प्रभू' म्हणून हाक मारू लागली, त्याच्या नावाने प्रार्थना करू लागली. मग देव एक की दोन? आणि पवित्र आत्मा धरला तर तीन?

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. पुत्र श्रेष्ठ खरा, पण तो पित्याने निर्माण केलेला. म्हणून पित्याच्या बरोबरीचा नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये नायसियाला बिशपांची परिषद भरवली आणि तिने एरियसला नाकारलं: पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत, असं ठरलं. २०२५ साली या निर्णयाला १७०० वर्षं झाली. निर्णय झाला म्हणून वाद मात्र मिटला नाही. नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथानासियसला आयुष्यात पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं.

मराठी वाचकाला इथे ब्रह्मा-विष्णू-महेश आठवणं साहजिक आहे, पण ती तुलना फार दूर जात नाही. उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामाची वाटणी त्रैक्यात, म्हणजे तिघांत एकच देव या ख्रिस्ती मतात, अभिप्रेत नाही. तीन देव एका मखरात बसवले, असंही ख्रिस्ती धर्म म्हणत नाही. एकाच देवाच्या अंतरंगात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं नातं आहे, असं तो म्हणतो. हे बुद्धीला अवघड जातं, हे ख्रिस्ती धर्मपंडितांनीही कधी लपवलेलं नाही.

आणि ते अवघड गेलेली सर्वांत मोठी मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं चरित्र आपल्याकडे दोन साच्यांत सांगितलं जातं. एका साच्यात त्या समाजसुधारक: शारदा सदन, विधवांचं शिक्षण, केडगावचं मुक्ती मिशन. दुसऱ्यात त्या धर्म सोडून गेलेल्या. ख्रिस्ती भाविकांच्या चरित्रांत तिसरा साचाही सापडतो, त्यात त्या आरंभापासून अढळ विश्वासाच्या संत असतात. या तिन्ही साच्यांत १८८५ सालची रमाबाई बसत नाही. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं झाली होती, आणि येशू हाच देव आहे ही गोष्ट त्यांना पटत नव्हती.

त्या इथवर कशा आल्या, ते पाहिल्याशिवाय हे पटत नसणं कळणार नाही. १८५८ मध्ये जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि कुटुंब घेऊन तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. भावाबरोबर रमाबाई पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. तिथेच ब्राह्मो मंडळींच्या सहवासात त्यांचा मूर्तिपूजेवरचा विश्वास पुरता गेला. भाऊ वारला, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, दोन वर्षांत तेही वारले. कडेवर मुलगी मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या. एकच निराकार ईश्वर आहे ही श्रद्धा त्यांना वारशाने मिळालेली नव्हती, ती त्यांनी सगळं गमावून मिळवली होती. अशी बाई 'एक' हा शब्द सहजासहजी सोडणार नव्हती.

पुण्यात पंच हौदाजवळ इंग्लंडातल्या वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांचं काम होतं. (याच पंच हौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहापायी पुढे रानडे-टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य आलं.) त्यांच्या मदतीने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचा मनसुबा होता, पण कानांनी दगा दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयात आणखी एका मराठी माणसाचा हात होता. नीलकंठशास्त्री गोरे, बाप्तिस्म्यानंतरचे फादर नेहेम्या गोरे. काशीत वाढलेले चित्पावन, षड्दर्शनांत मुरलेले. ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये ख्रिस्तीच झाले. गोऱ्यांनी कडक अँग्लो-कॅथलिक मत स्वीकारलं, सभेची परंपरा आणि अधिकार शिरोधार्य मानला. त्यांच्या पत्राने आपल्यावर मोठा परिणाम केला, असं रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे. दोघंही शास्त्री परंपरेतले, दोघांनाही खंडन-मंडन आईच्या दुधातून मिळालेलं. गोऱ्यांना त्या शिस्तीने परंपरेच्या आश्रयाला नेलं, तर रमाबाईंना त्याच शिस्तीने परंपरेलाच प्रश्न विचारायला लावलं.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात राहिल्या, शिकल्या आणि संस्कृतही शिकवलं. तिथून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो भारतातल्या ख्रिस्ती विचाराच्या इतिहासातला फार मोलाचा ऐवज आहे. जेराल्डिन यांना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण मजकुरात माघार नव्हती. येशू हा देवाचा पुत्र, देवाने पाठवलेला तारणारा, हे त्यांना मान्य होतं. तो स्वतः देव, हे मान्य नव्हतं. कुमारीच्या पोटी चमत्काराने झालेला जन्म आणि देहासकट पुनरुत्थान यांबद्दलही त्यांना शंका होत्या. बाप्तिस्मा घेताना आपण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने वचन दिलं, इंग्लंडच्या चर्चच्या प्रत्येक सिद्धांताला बांधून घेतलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. बायबलात जे नाही ते माझ्यावर का लादता, असं त्या विचारत होत्या.

जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. त्यांच्या दृष्टीने सभेने शतकानुशतकं जपलेलं सत्य नवदीक्षितेने नम्रपणे घ्यायचं असतं. रमाबाईंचं उत्तर ठाम होतं: मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, स्वतःचा विचार आहे, आणि भारतातल्या पुरोहितांचं जोखड मानेवरून उतरवून दुसरं जोखड घ्यायची माझी तयारी नाही. ज्या बाईने वेदान्तालाही 'का?' विचारलं होतं, ती वाँटेजला येऊन गप्प बसेल ही अपेक्षाच चुकीची होती. बारीकसारीक गोष्टींतही हे दिसतं. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आमच्यासाठी संस्कृत का नको, असाही प्रश्न त्यांनी केला. लॅटिन ही रोमची भाषा, येशूची नव्हे. मग तिला पावित्र्य कुठून आलं?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चौथ्या शतकात एरियसला उत्तर देताना सम्राटाची सत्ता बिशपांच्या पाठीशी होती. १८८५ मध्ये रमाबाईंना उत्तर देताना साम्राज्याचा अधिकार इंग्रज सिस्टरांच्या आवाजात नकळत उतरला होता. मुंबई आणि लाहोरच्या इंग्रज बिशपांनी रमाबाईंच्या शिकवण्याच्या बेतातही लक्ष घातलं. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांचा विरोध होता. म्हणजे 'देव तीन की एक' या प्रश्नाला 'ठरवणार कोण' हा प्रश्न दोन्ही वेळा चिकटलेला होता. रमाबाईंना दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच स्पष्ट दिसत होता, आणि हेच त्यांचं मोठेपण.

कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र वेगळ्या मातीच्या. त्या स्वतः श्रद्धाळू अँग्लिकन, पण हुकूम करून ही बाई ऐकणार नाही हे त्यांनी ओळखलं. तिच्या शंकांना विचाराने उत्तर द्यायला हवं, दडपून उपयोग नाही, अशी त्यांची भूमिका होती. शंका म्हणजे अविश्वास नव्हे, हे तेव्हाच्या इंग्लंडात फार थोड्या धर्मनिष्ठ माणसांना कळत होतं. अथानासियसच्या नावावर खपणारा, आणि तो न मानणाऱ्यांना नाशाचा इशारा देणारा मतांगीकार उपासनेत म्हणावा की नाही, यावर खुद्द अँग्लिकन मंडळींत थोडीच वर्षं आधी जोरदार वाद झाला होता. रमाबाई आडमुठ्या नव्हत्या. इंग्लंड ज्यावर आपसात भांडत होतं, तेच त्या निर्भीडपणे बोलत होत्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांच्या कामाला हात दिला तो सर्व पंथांच्या लोकांनी. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिचे अध्यक्ष झाले एडवर्ड एव्हरेट हेल, म्हणजे युनिटेरियन पाद्री. युनिटेरियन पंथ त्रैक्याचं मत सोडलेला, येशूला थोर गुरू मानणारा. याच पंथाशी आपल्या प्रार्थना समाजाचं फार जवळचं नातं होतं. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकले, ते युनिटेरियन मदतीनेच. आणि परत येऊन १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. त्रैक्य नाकारणाऱ्या पंथाचा महाराष्ट्रावर हा उपकार आहे आणि तो मोकळेपणाने मानायला हवा.

रमाबाई मात्र युनिटेरियन झाल्या नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला गेलं. १८९१ च्या सुमारास त्यांना जो अनुभव आला त्याबद्दल त्यांनी स्वतः लिहिलं आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यानंतर येशूच्या देवत्वाबद्दलचा त्यांचा नकार मागे पडला. केडगावात १९०५ मध्ये पवित्र आत्म्याच्या जागृतीची जी लाट उसळली, तिच्या मध्यभागी त्या होत्या. अन्य भाषांत बोलणाऱ्या, रडणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या गर्दीत.

मग १८८५ ची शंका फुकट गेली का? इथे भाविक चरित्रकार आणि टीकाकार दोघंही घाई करतात. पहिले म्हणतात, अंधार होता, गेला. दुसरे म्हणतात, बुद्धी होती, गेली. पण केडगावातल्या रमाबाईंकडे पाहिलं की दोन्ही म्हणणी तोकडी पडतात. मुक्ती मिशन त्यांनी कुठल्याही एका इंग्रजी-अमेरिकन पंथाच्या दावणीला बांधलं नाही. आणि उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण बायबल दुसऱ्या कुणाच्या शब्दावर विसंबून वाचायचं नव्हतं, मुळातून वाचून साध्या मराठीत खेड्यातल्या बायकांना द्यायचं होतं. मजकूर त्यांच्या हाताखालच्या मुलींनीच जुळवला, छापलाही मुक्तीच्याच छापखान्यात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. येशूला देव मानू लागलेली ही रमाबाई आणि 'दाखवा कुठे लिहिलंय' म्हणणारी चेल्टनहॅमची रमाबाई, यांच्यात तुटलेलं काहीच नाही. सिस्टरांच्या अधिकाराने जे त्यांच्याकडून वदवता आलं नाही, ते त्यांनी आपल्या वाटेने, आपल्या वेळेला म्हटलं.

त्या वादाची पत्रं आज वाचायला मिळतात, याचं श्रेय पुष्कळसं सिस्टर जेराल्डिन यांना आहे. रमाबाईंची बोचरी उत्तरंही त्यांनी जपली, स्वतःची पत्रं त्याशेजारी ठेवली आणि सगळा पत्रव्यवहार संकलित केला. तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापला, आणि त्याचं संपादन केलं अ. भि. शहा यांनी, म्हणजे इंडियन सेक्युलर सोसायटी स्थापन करणाऱ्या एका पक्क्या बुद्धिवाद्याने.