लिहिणाऱ्यांची नावं

नव्या शैक्षणिक धोरणानं ‘ओजेटी’ आणली, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, तेव्हापासून आमच्या ग्रंथालयातही विद्यार्थी येऊ लागले. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला त्याचे ४ श्रेयांक. बँकेत, पतसंस्थेत ज्यांची सोय लागत नाही, ती मुलं माझ्या वाट्याला. मी त्यांच्यापुढं मागच्या खोलीतले बस्ते टाकते: जुने वार्षिकांक, स्नेहसंमेलनांच्या पत्रिका, फोटो. सुतळी सोडायची, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कसर झटकायची, नोंदवहीत क्रमांक चढवायचा. शेवटी त्यातूनच एक प्रदर्शन मांडायचं.

यंदा पूर्णेहून रेल्वेनं येणारी एक मुलगी होती. तिच्या हाती स्नेहसंमेलनाचा एक कृष्णधवल फोटो आला. खाली ‘बसलेले, डावीकडून’ म्हणून पाहुण्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांची नावं. कडेला पाण्याचा ट्रे धरून एक जण उभा. त्याचं नाव नाही. ‘मॅडम, हे कोण हो?’ मला सांगता येईना. तिनं निवृत्त कर्मचाऱ्यांची घरं गाठून नाव काढलं आणि फोटोच्या मागं पेन्सिलनं, हलक्या हातानं लिहिलं.

प्रदर्शनाच्या बैठकीत मी म्हटलं, फलकावर या मुलांची नावं घालू. एक ज्येष्ठ सहकारी हसले. ‘सेवा आहे ही. नावाचा सोस कशाला? गीता वाचा, मॅडम.’ झालं, सगळ्यांच्या माना डोलल्या.

गीता मीही वाचते. दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक अर्जुनाला सांगितलाय, म्हणजे जो स्वतः कर्म करणार आहे त्याला. फळाची आस तू सोड, असं त्याला म्हटलंय. दुसऱ्यानं राबावं आणि फलकावर आपण झळकावं, याला त्यात कुठंही मुभा नाही. निष्काम व्हायचं की नाही, हे करणाऱ्यानं ठरवायचं. करवून घेणाऱ्यानं ते त्याच्यावर लादलं, की त्याला वेठबिगारी म्हणतात.

मला इथं जनाबाई आठवते. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत राहिली, अभंगात स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. नावाचा सोस नसलेलं माणूस आणखी कुठं शोधायचं? आणि तिच्याच नावावरच्या एका अभंगात चक्क यादी आहे: कोणत्या संताचे बोल कुणी लिहून घेतले. निवृत्तीनाथांचे सोपानानं, सावता माळ्याचे काशिबा गुरवानं, चोखामेळ्याचे अनंतभट्टानं. ज्ञानदेव या यादीत दोनदा येतात. एकदा बोलणारे म्हणून, एकदा मुक्ताईचं लिहून घेणारे म्हणून. आणि जनीचं कुणी लिहिलं? पांडुरंगानं. साक्षात देवालाही तिनं लेखनिकांच्या पंगतीला बसवलं, पण त्याचं नाव गाळलं नाही.

ज्याचा स्वतःचा अहंकार गळतो, तो इतरांची नावं गाळत नाही, असं मला या यादीतून दिसतं. उलट त्याला ती स्वच्छ दिसू लागतात. अनंतभट्ट नसता तर चोखोबांचे किती बोल मंगळवेढ्याच्या धुळीत विरले असते, हे जनीला कळत होतं. शिवाय नोंद ही साक्ष असते. कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, कुणी लिहिलं हे ठाऊक नसेल, तर उद्या तिच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

त्या मुलीनं नाव मागितलं नव्हतंच. न मागणं ही तिची साधना झाली. लिहून ठेवणं हे माझं कर्तव्य. फलक त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मनासारखा, नावांविना झाला. नोंदवही मात्र माझ्या ताब्यात असते. तिच्यात मी दोन रकाने वाढवलेत: माहिती कुणी दिली, नोंद कुणी केली. प्रदर्शनाच्या दिवशी त्याच सहकाऱ्यांनी एका फोटोतले दोघे अनोळखी चटकन ओळखले. पहिल्या रकान्यात आता त्यांचंही नाव आहे. त्यांनी ते वाचलं, आणि आडनावाची वेलांटी तेवढी दुरुस्त करून घेतली.